हनुवटीखालची जागा

नर्सने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला, तेव्हा नेमकं काय बघायचं आहे हे तिला आधी कळलंच नाही. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. दोन्हीतल्या बायकांचे केस मागे ओढून बांधलेले, दोघी एकाच बाजूला तोंड करून बसलेल्या. डावीकडच्या बाईच्या हनुवटीखाली कातडीची सैल पिशवी लोंबत होती आणि तिथून दोन जाड दोऱ्या गळ्यावरून खाली हाडापर्यंत उतरल्या होत्या. उजवीकडच्या बाईची मान धुऊन इस्त्री करून घडी घातल्यासारखी होती. "बघा केवढा फरक," नर्स म्हणाली. "डॉक्टर म्हणतायत हा फोटो नव्या पेशंटना दाखवायचा. चेहरा झाकून हं, तुमची परवानगी असेल तरच. समाधान आहे ना?" ती डावीकडच्या बाईकडेच बघत राहिली. रस्त्यातल्या गर्दीत मेलेलं माणूस पाठमोरं दिसावं तसं तिला झालं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ही गेली कुठे?" नर्सला तो विनोद वाटला. ती मनापासून हसली. "ही ना? कचऱ्यात गेली. आता काळजी नको, लवकर परत यायची नाही."

डॉक्टर आले, त्यांनी हात धुतले, तिला मान वर करायला लावली आणि दोन बोटांनी कानामागून हनुवटीपर्यंत दाबत गेले. माणूस चांगला होता. कामाचा आनंद त्याच्या बोटांत कळत होता. नवीन घराच्या भिंतीवरून गवंडी हात फिरवतो तसा तो हात फिरवत होता. "इथे कळतं?" "नाही." "इथे?" "थोडं." "येईल हळूहळू. कुणाला वेळ लागतो. दहापैकी किती गुण द्याल?" ती म्हणाली, "तुमच्या कामाला दहा." डॉक्टर खूश झाले. "मानवाले पेशंट भांडत नाहीत," ते टॉवेलने हात पुसत म्हणाले. "नाकवाले भांडतात. डोळेवाले रडतात. मान केली की माणूस खूशच असतो, कारण सगळ्यांना तीच तर लपवायची असते." मग त्यांना तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी वाटलं असावं. "घरचे काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. "घरी आई आहे फक्त," ती म्हणाली. "मग काय, आईला लेक तरुण झालेली बघून बरंच वाटलं असेल." ती हो म्हणाली. कपडे ठीक केले, पर्स घेतली, आणि बाहेरच्या खोलीत आली.

बाहेर माशांच्या पेटीसमोर एक जाडसर बाई गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बसली होती. मागच्या खेपेलाही ती होती. तिने हात करून जवळ बोलावलं आणि न विचारताच सांगायला लागली. "माझ्या नवऱ्याला कळलंच नाही हो. महिनाभर मी रोज त्याच्यासमोर मान ताठ करून जेवले. शेवटी त्याने विचारलं, मान अवघडलीय का? मलम लावू का?" ती बाई हसली, मग हसता हसता थांबली. "तुमच्याकडे कळलं?" "कळलं," ती म्हणाली. "आमच्याकडे लगेच कळलं." "नशीबवान आहात बाई," ती रुमालवाली म्हणाली, आणि पुन्हा मासे बघायला लागली.

तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. घरी लवकर जायचं असं सकाळी ठरवलं होतं, पण पाय उचलत नव्हते, म्हणून ती लांबच्या रस्त्याने निघाली. दुपारचं ऊन इमारतींच्या काचांवरून उलटून रस्त्यावर पडत होतं. मान अजून आवळल्यासारखी वाटायची, कुणीतरी मागून मूठभर कातडी धरून उभं आहे आणि सोडत नाही, असं. रस्ता ओलांडताना डावीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. चष्म्याची दांडी कानामागच्या शिवणीवर घासत होती. एवढी वर्षं ती चष्म्याच्या दुकानात काम करत होती, लोकांच्या कानामागे बोट घालून कुठे दुखतं, कुठे सैल आहे ते बघत होती, गरम हवेच्या यंत्रावर दांडी धरून मऊ करून हवी तशी वाकवत होती. स्वतःची दांडी मात्र तिने वाकवली नव्हती. घासतेय तर घासू दे, असं तिला वाटायचं. कदाचित तेवढ्याच जागी तिला आपली मान आपली वाटत होती.

दुकानात लोक नवा चष्मा घालून आरशात बघतात तेव्हा स्वतःकडे बघत नाहीत, हे तिने फार पूर्वी ओळखलं होतं. ते कुणा दुसऱ्याला शोधत असतात. तो सापडला तर चष्मा घेतात, नाही सापडला तर म्हणतात, उद्या येतो. ती त्यांच्या मागे उभी राहून म्हणायची, छान दिसतोय. आणि आरशात गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून तिला तिची मान दिसायची. चेहऱ्यावर पावडर होती, केसांना रंग होता, पण मानेला काही लावता येत नव्हतं. मालक तिच्याच वयाचा, फाटक्या तोंडाचा पण आतून वाईट नाही. "बाई, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहत जा," तो एकदा म्हणाला होता. "गिऱ्हाईक तुमच्याकडे बघून म्हणतं, लांबचं दिसायला लागलं, आपलं म्हातारपण." ती हसली होती. मनाला लागलं होतं, पण त्याच्यासाठी कुणी सुरीखाली जात नाही. ऑपरेशननंतर मालक तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "आता लग्न जमवायला हरकत नाही," आणि सगळ्यांना वाटलं ते हेच, की बाईंना उतारवयात हौस सुटली. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय होती? आईसाठी मान कापून घेतली म्हणून?

आईची ओळख पहिल्यांदा सुटली ती जेवताना. दुधात भिजवलेला पाव तिने चमच्याने आईच्या तोंडाशी नेला आणि आईने तोंड उघडण्याआधी हात वर केला. तो हात तिच्या हनुवटीखाली आला, लोंबणारी कातडी त्याने हलकेच दोन बोटांत धरली, आणि आई म्हणाली, "आई गं, तू जेवलीस का?" तिला वाटलं आई आपली थट्टा करतेय. पण आईच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. मोतीबिंदूने पांढुरके झालेले ते डोळे असे निवांत होते, की तसे निवांत तिने कधी बघितले नव्हते. मग तिला आठवलं. आजीची मान अशीच होती, फार लवकर सैल पडलेली, कष्टाने वाळलेली. ती लहान असताना आजी घरी आली की आई, तिची मोठी धिप्पाड आई, आजीच्या शेजारी बसायची आणि बोलता बोलता आजीच्या गळ्याची कातडी बोटांत धरून ओढायची. आजी म्हणायची, "सोड गं, गाय आहे का मी?" आणि सोडवून घ्यायची नाही. आईची स्वतःची मान कधी सैल पडली नाही, ती वडिलांकडच्यांसारखी सुकी निघाली. आजीची मान आईला ओलांडून लेकीच्या अंगावर उतरली होती. मोत्यांचा हार नाही, जमीन नाही, आजीकडून एवढंच आलं होतं तिच्या वाटणीला.

सुरुवातीला ती दुरुस्त करायची. "मी आई नाही, मी तुझी मुलगी." आई घाबरायची, जेवण राहायचं. दिवसभर आईजवळ बसायला पगारावर ठेवलेली एक मावशी होती. ती म्हणाली, "ताई, कशाला हट्ट करता? म्हणू दे की आई. पोटात चार घास जातात ना?" मग तिने हट्ट सोडला. संध्याकाळी दुकानातून आली की ती आजी व्हायची. आई शहाण्या मुलीसारखी जेवायची, तक्रारी सांगायची, कुणी मारलं, कुणी खेळायला घेतलं नाही. ती हुंकार द्यायची. त्यात एक सुखही होतं, खोटं का म्हणावं? आयुष्यात तिला कुणी आई म्हटलं नव्हतं. म्हटलं ते तिच्या आईनेच. पण एका संध्याकाळी आईने हनुवटीखाली हात ठेवून सांगितलं, "आई, माझी लेक माझ्याकडे येत नाही." ती म्हणाली, "येते की. रोज येते." "नाही येत," आई म्हणाली. "कामात असते. मी वाट बघते. तिचं काही चुकलं असेल तर मी काही बोलणार नाही म्हणावं. नुसती येऊन बस म्हणावं." तिने चमचा वाटीत ठेवला. लेक समोर होती, आणि मध्ये तिची स्वतःची मान आली होती. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात हेच भरलं. ही मान नसती तर. ही पिशवी बाजूला झाली की तिच्यामागे मी दिसेन. ती आरशासमोर उभी राहून दोन्ही हातांनी कातडी मागे ओढायची, आणि आरशात खरोखरच एक ओळखीची बाई यायची, पस्तिशी-चाळिशीची, जिला बघून आई दारातूनच विचारायची, "आलीस? हात धू आधी." हा हिशोब तिला इतका सरळ वाटला की तो कुणाला विचारून बघावा असं तिच्या मनातही आलं नाही. आजी गेली की लेक येईल.

डॉक्टरांनी विचारलं होतं, का करायचंय? ती म्हणाली, आधीसारखं दिसायचंय. सगळेच असं म्हणतात, डॉक्टर म्हणाले.

पट्ट्या असेपर्यंत ती एका जुन्या मैत्रिणीकडे राहिली, आई भिऊ नये म्हणून. मावशी रात्रंदिवस आईपाशी थांबली. आईने विचारलं की मावशी सांगायची, तुमची आई गावाला गेलीय, येईल. सूज उतरली, काळंनिळं पिवळं होऊन गेलं, आणि एका सकाळी ती नवीन कपडे घालून, केस बांधून, उघड्या मानेने घरी आली. जणू परीक्षेचा निकाल घेऊन आली होती. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. ती उजेडात जाऊन उभी राहिली, नीट दिसावं म्हणून. आईने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदर सावरून, अंग चोरून, सभ्यपणे म्हणाली, "बसा ना. कोणाकडे आलात आपण?"

ते 'आपण' तिच्या कानात अजून होतं. आता त्या लांबच्या रस्त्यावर सिग्नलपाशी उभी असताना, गाड्या थांबल्या-सुटल्या तरी तिथेच उभी राहून तिने ते परत ऐकलं. आईने तिला आयुष्यात कधी तू सोडून काही म्हटलं नव्हतं. शिव्या दिल्या त्याही तू म्हणतच.

पुढचे आठवडे तिने काय नाही केलं. लहानपणीच्या आठवणी सांगितल्या. आईने कौतुकाने ऐकल्या, दुसऱ्याच्या मुलीचं कौतुक ऐकतात तसं. जुने फोटो दाखवले. आईने एकेक फोटो हातात घेऊन, "छान आहे हो तुमची मुलगी," म्हणून परत दिला. शेवटी तिने उलटा मार्ग धरला. गळ्याभोवती जुना सैल रुमाल बांधला, पाठीत वाकली, आजीसारखा खर्जातला आवाज काढला आणि पावाचा चमचा पुढे केला. आईचा चेहरा उजळला. हात वर आला. तो हात रुमालाखाली गेलेला तिला दिसला, पण कळला नाही. तिथे तिचं काहीच जागं नव्हतं, आईची बोटं मानेवर आहेत की हवेत, हे तिला आईच्या तोंडावरूनच वाचावं लागलं. तोंड आधी थांबलं, मग विझलं. आईने हात काढून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला, काही चुकीचं केल्यासारखा. "माफ करा हं," आई म्हणाली. त्या दिवसापासून आईचं खाणं आणखी कमी झालं. मावशीच्या हातून दोन चमचे, तेही तोंडात धरून ठेवायची. "काय केलंत ताई हे," मावशी एकदा भांडी घासताना म्हणाली, तिच्याकडे न बघता. "चांगली आई होतात त्यांची. ती पण गेली आणि लेक पण नाही आली." मावशी वाईट म्हणून बोलली नव्हती. सरळ बाई, दिसलं ते बोलली.

ती घरी पोचली तेव्हा मावशी चपला घालून दारातच उभी होती, बाजारात निघाली होती. "सकाळपासून काही घेतलं नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बघा तुमच्या हातून घेतलं तर." ती आईच्या खोलीत गेली. आईने तिच्याकडे बघून मान हलवली, रोज येणाऱ्या ओळखीच्या पाहुण्याला हलवतात तशी. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली. वाटीतला पाव दुधात फुगून वर आला होता.

"आज लवकर आलात," आई म्हणाली.

"हो. डॉक्टरकडे गेले होते."

"बरं नाही का?"

"बरी आहे. ते म्हणाले सगळं छान झालंय."

"मग बरं," आई म्हणाली. ती दाराकडे बघून पुढे झुकली. मग तिने आवाज खाली आणला. "तुम्हाला एक विचारू का? ती मावशी खरं सांगत नाही. चांगली आहे, पण सांगत नाही. तुम्ही खोटं बोलणार नाही असं वाटतं मला."

"विचारा," ती म्हणाली. आपल्या आईला आपण अहो-जाहो करतोय, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"माझी आई गेली ना?"

वाटी तिच्या हातात होती. तिने ती खाली ठेवली. नाही म्हणता आलं असतं. गावाला गेलीय, येईल, म्हणता आलं असतं, आणि आई आणखी काही आठवडे दाराकडे बघत उपाशी बसली असती. दवाखान्यातल्या पडद्यावरची डावीकडची बाई तिला दिसली, एका बाजूला तोंड करून बसलेली, काही माहीत नसलेली.

"हो," ती म्हणाली. "गेली."

आई रडली नाही. तिने नुसतं डोकं हलवलं, बरेचदा, हळूहळू. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "नाहीतर ती अशी न भेटता राहायची नाही. रोज यायची हो. मला भरवायची. एवढी मोठी मी, पण भरवायची." मग तिने विचारलं, "त्रास झाला का तिला?"

"नाही. भूल दिली होती. काही कळलं नाही."

"तुम्ही होतात तिथे?"

"होते."

"म्हणजे एकटी नव्हती," आई म्हणाली, आणि तिचा खांदा थोपटला. "बरं झालं तुम्ही होतात."

तेव्हा तिला रडू आलं. कानामागच्या शिवणी ताणल्या गेल्या. ती हुंदका दाबायला गेली आणि तो नव्या मानेत अडकल्यासारखा होऊन विचित्र आवाज निघाला. आई गोंधळली. परक्या बाईने आपल्या दुःखात एवढं रडावं याचं तिला नवल वाटलं असावं. तिने पदराचं टोक पुढे केलं, मग मागे घेतलं, मग पाठीमागच्या उशीखालचा घडी केलेला रुमाल काढून दिला. "तुमचा जीव होता वाटतं तिच्यावर."

"आई, मी आहे गं," ती म्हणाली. "मीच आहे. तुझी मुलगी."

आईने तिच्याकडे मायेने बघितलं. पूर्वी त्या डोळ्यांत भीती यायची, आज आली नाही. "असं होतं," ती म्हणाली. "माणूस गेलं की कुणालाही आई म्हणावंसं वाटतं. म्हणा हवं तर. मला राग नाही." आणि मग तिच्या मनात काही आलं, भुवया जवळ आल्या. "पण तुम्हाला आई आहे का?"

ती रुमालाची घडी मोडत, पुन्हा घालत राहिली. "आहे," ती म्हणाली.

"कुठे असते?"

"जवळच."

"एकटीच?"

"एकटीच म्हणायची. एक बाई असते सोबतीला."

"आणि तुम्ही इथे माझ्यापाशी बसता रोज?" आई खुर्चीत ताठ झाली. आवाजात जुनी धार आली, अभ्यास टाकून खिडकीत बसलेल्या पोरीवर उगारायची ती. "काय बाई आहात. जा तिच्याकडे. माझी तर गेली, माझ्यापाशी बसून काय मिळणार? तुमची आहे अजून."

"ती ओळखत नाही मला."

"ओळखेल," आई म्हणाली. "न ओळखायला काय झालं? तुम्हीच कामात असाल, जात नसाल, मग राग धरून बसली असेल ती. नुसत्या जाऊन बसा. काही बोलू नका. जा, उठा."

"थोडं दूध घ्या, मग जाते."

"घेते मी. तुम्ही उठा आधी."

आईने खरंच वाटी उचलली. दूध काठावरून बोटांवर आलं, तरी तिने चमचाभर पाव तोंडात घातला आणि गिळून दाखवला, मोठ्या माणसाने लहान मुलाला दाखवावं तसा. मग चमच्यानेच दाराकडे खूण केली. ती उठली. काय करावं ते न कळून आधी खुर्ची जागेवर ठेवली. दारापर्यंत गेली, मागे बघितलं. आई तिच्याकडे बघत होती, ती जाते की नाही याची खात्री करून घेत होती.

ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात नळाचं पाणी टपटपत होतं. ती दाराला टेकून उभी राहिली, आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज येतोय का ते ऐकत. आला. पुन्हा आला. मग बराच वेळ काही आलं नाही. तिने चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला. केस मागे केले. मग हात उचलला आणि हळूच दार वाजवलं.

आतून आईचा आवाज आला, "कोण?"